दारावरची अक्षरं राहू द्या

नागपुरातल्या जुन्या वाहनांच्या मेळाव्यांचे आयोजक आणि परीक्षक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

दोन हिवाळ्यांपूर्वी जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात मी माझा विलीज पिकअप (जीप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीची, मागे हौदा असलेली छोटी मालवाहू गाडी) घेऊन आले होते. परीक्षकांनी बोनेट उघडायला सांगितलं, आत वाकून पाहिलं आणि बंद करायला सांगितलं. मग ते डाव्या दाराशी थांबले. त्या दारावर माझ्या वडिलांचं नाव आहे, त्याखाली ‘काटोल’, आणि त्याखाली रिकाम्या गाडीचं वजन. पेंटरने ब्रशने काढलेली पांढरी अक्षरं. कडा झिजल्या आहेत, ‘काटोल’मधला ‘ल’ तर उन्हात धरून शोधावा लागतो. परीक्षकांपैकी एकांनी अगदी आपुलकीने विचारलं, “ताई, रंगाचं काम राहिलंय वाटतं?” मी म्हटलं, राहिलेलं नाही, मुद्दाम राखलंय. त्यांनी मान हलवली आणि गुणपत्रिकेवर रंगकामापुढे दहापैकी तीन लिहिले. इंजिनापुढे शेरा आला, ‘मूळ नाही’.

बक्षीस गेलं याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते नंतर जे झालं त्याचं. माझ्या शेजारी एक तरुण मुलगा त्याचा एफसी-१५० घेऊन उभा होता. हा जीपचा नाक नसलेला पिकअप, ड्रायव्हर जवळजवळ इंजिनावरच बसतो असा. त्याच्या दारांवरही जुनी अक्षरं होती, एका गावच्या खरेदी-विक्री संघाची. त्याने माझी गुणपत्रिका पाहिली, स्वतःची पाहिली आणि तिथल्या तिथे कुणाला तरी पेंटरचा नंबर विचारला. पुढच्या वर्षी तोच पिकअप आरशासारखा चकचकीत मरून रंगात आला. त्याला बक्षीस मिळालं. अक्षरं गेली होती. ती कुठल्या गावच्या संघाची होती हे मी त्या दिवशी लिहून घेतलं नाही, आणि आता त्या मुलालाही नीट आठवत नाही.

म्हणून हे पत्र. तुम्ही ज्याला गुण देता ते लोक करतात. तुमच्या एका कागदाने नागपुरातल्या डझनभर गॅरेजांमध्ये पुढच्या वर्षी काय घासलं जाणार आणि काय ठेवलं जाणार हे ठरतं. माझी विनंती एवढीच आहे की पिकअप आणि छोट्या मालवाहू गाड्यांसाठी वेगळा गट करा आणि त्यांना कामाची गाडी म्हणून जोखा. आज त्यांना सेदान मोटारींच्या फूटपट्टीने मोजलं जातं, आणि त्या मोजणीत त्यांचा इतिहासच पुसला जातो.

मोटार पोर्चमध्ये राहिली. तिच्यावर कापडी खोळ होती, ड्रायव्हर रोज फडका मारायचा, ती लग्नाला आणि देवदर्शनाला गेली. पिकअप मरेपर्यंत राबला. आमचा पिकअप १९५८ सालचा. पहिली दहा वर्षं तो मनसरकडच्या एका मँगनीजच्या खाणीवर होता. १९६८मध्ये बाबांनी तो लिलावात घेतला, तेव्हा हौदा सडलेला होता आणि डावा मडगार्ड दोरीने बांधलेला. त्यानंतर सव्वीस वर्षं त्याने काटोलहून नागपूरच्या संत्रा मार्केटला माल आणला. संत्र्याचे हंगाम दोन, आंबियाचा बहार दिवाळीच्या आगेमागे, मृगाचा फेब्रुवारी-मार्चला. गाडी मध्यरात्री निघायची, म्हणजे उजाडायच्या आत स्टेशनच्या बाजूला पेट्या उतरवता यायच्या. मी दहा वर्षांची असताना एकदा हट्टाने हौद्यात बसून आले होते. पेट्यांतल्या गवताचा वास, फळ्यांमधून वर येणारा वारा आणि मागे पळणारा काळा रस्ता. १९९४मध्ये बाबांनी गाडी बागेतल्या निंबाखाली उभी केली ती उभीच राहिली. २०१३मध्ये मी ती नागपूरला आणली आणि २०१९मध्ये ती पुन्हा स्वतःच्या पायांवर काटोलला गेली. सहा वर्षं लागली, कारण रोजची नोकरी हिंगणा एमआयडीसीत आणि गाडीला फक्त रविवार.

या सहा वर्षांत जे शिकले त्यातलं थोडं सांगते, कारण माझी मागणी त्यातूनच आली आहे.

विलीजचा हा पिकअप अमेरिकेत १९४७ ते १९६५ या काळात बनला. त्याचा चेहरा १९४६च्या जीप स्टेशन वॅगनवरून घेतलेला, आणि तो ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरचा. मडगार्ड इतके सपाट आणि कोपरे इतके सरळ का, याचं कारण फार सुंदर आहे. युद्धानंतर विलीजला मोटारींची बॉडी दाबून देणारे कारखाने मिळेनात. घरगुती उपकरणांचे पत्रे दाबणारे कारखाने मिळाले, पण त्यांच्या प्रेसवर पत्रा सहा इंचांपेक्षा खोल ओढता येत नव्हता. म्हणून स्टीव्हन्सने सगळा आकार त्या सहा इंचांत बसवला. ही गाडी जन्मालाच आली ती मिळेल त्या कारागिराशी जुळवून घेत.

डावा मडगार्ड जागेवर आणण्यासारखा उरला नव्हता. मी दोन वर्षं भंगारवाल्यांकडे दुसरा शोधला. मग एका रविवारी इतवारीत कूलर बनवणाऱ्या एका पत्राकारागिराकडे आईचा कूलर दुरुस्तीला नेला असताना त्यांना फोटो दाखवला. त्यांनी फोटो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “ताई, हे तर आपलंच काम हाय. फक्त पत्रा जाड घ्या लागन.” नागपुरात कूलरचा पत्रा वाकवणारे हात गल्लोगल्ली आहेत, उन्हाळा आपल्याला त्याशिवाय काढताच येत नाही. कूलरचा पत्रा पातळ, गाडीला १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा लागतो. त्यांनी उजव्या मडगार्डवरून पुठ्ठ्याचा फर्मा कापला, तो उलटा केला, कडा हाताने मुडपली, आत तार गुंडाळली. पूर्ण मडगार्डला खड्डे भरायच्या पुट्टीचा एक थर लागला नाही. अमेरिकेत घरगुती उपकरणांचा पत्रा दाबणाऱ्यांनी जे केलं ते इतवारीत कूलरवाल्याने हातोडी आणि डॉलीवर (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) केलं. त्या मेळाव्यात या मडगार्डकडे कुणी पाहिलं नाही, कारण तो डोळ्याला खटकत नव्हता. त्याची हकीकत विचारणारा एकही रकाना तुमच्या कागदावर नव्हता.

आता ‘मूळ’ या शब्दाविषयी. तुमच्या गुणपत्रिकेवर सगळ्यात जास्त वजन याच शब्दाला आहे, आणि मोटारींसाठी ते बरोबरही असेल. पण आपल्याकडे मालवाहू गाड्या कशा विकल्या गेल्या हे आठवा. ट्रकची बहुतेक चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, कंपनीतून निघायची ती इंजिन, बोनेट आणि केबिनच्या समोरची पत्र्याची काऊल एवढंच घेऊन. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला रुमाल बांधून ती शेकडो किलोमीटर चालवत आणायचा. केबिन आणि हौदा बांधायचा गावचा बॉडीवाला. सुताराने सागवानाचा सांगाडा करायचा, त्यावर पत्रेवाल्याने पत्रा ठोकायचा, पेंटरने वर कमळं आणि मोर काढायचे. अशा गाडीचं मूळ कुठे शोधणार? कंपनीच्या माहितीपत्रकात तर ते छापलेलंच नाही. ते त्या बॉडीवाल्याच्या हातात होतं. छोट्या पिकअपांचंही पुष्कळदा असंच झालं. केबिन कंपनीची, हौदा इथला.

आमचा हौदा बाबांनी १९६८मध्ये काटोलच्या एका सुताराकडून करून घेतला. विलीजचा कारखान्यातला हौदा पोलादी असायचा. आमचा सागवानाचा आहे, आणि बाजू संत्र्याच्या दोन पेट्या एकावर एक बसतील एवढ्याच उंच. फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेला, बिजागऱ्या बैलगाडीच्या कारागिराने केलेल्या. मी काम सुरू केलं तेव्हा मला माहितगार लोकांनी सांगितलं, हे सगळं काढा, मूळ पोलादी हौदा करून घ्या, नाहीतर बक्षीस विसरा. मी हौद्याच्या खालच्या अंगाला पाहिलं. पाच फळ्यांना वाळवी लागली होती, बाकीच्या लोखंडासारख्या टणक. पाच फळ्या नव्या घातल्या, बल्लारशाच्या बाजूने आलेल्या जुन्या सागवानाच्या. नव्या फळ्यांच्या पोटाकडे साल कोरून ठेवलं, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी उघडलं तर जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कळेल. तो हौदा १९६८चा आहे. त्या वर्षापासून ही गाडी आमच्या घराची झाली. तो काढून अमेरिकेतल्या नकाशावरून पोलादी हौदा केला असता तर गाडी अशा काळाची झाली असती जो तिने खाणीत धूळ खात घालवला, आणि ज्याचा आमच्याकडे एकही फोटो नाही.

इंजिनाचंही तेच. मूळचं पेट्रोल इंजिन एफ-१३४, म्हणजे हरिकेन. मोठं कल्पक इंजिन ते. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, म्हणून उंच, आणि याच उंचीमुळे जीप सीजे-३बीचं बोनेट इतकं वर आलं. पण ते पेट्रोल फार पितं. १९८६मध्ये बाबांनी ते काढून एक्सडीपी ४.९० डिझेल बसवलं, प्यूजोच्या घराण्यातलं, चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), म्हणून ४.९०. ते इंजिन तेव्हा आपल्याकडच्या जीपांमध्ये येत होतं आणि त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळत होते. विदर्भात त्या दशकात ज्यांच्याकडे पेट्रोलची जीप होती त्यांतल्या कित्येकांनी हेच केलं. नाहीतर संत्र्याच्या भावात पेट्रोल परवडलं नसतं आणि गाडी तेव्हाच भंगारात गेली असती. आरसी बुकात त्या बदलाची रीतसर नोंद आहे, शिक्क्यासह. डिझेलच्या धक्क्यांनी केबिनचे बुश लवकर जातात म्हणून बाबांनी टायरचे तुकडे कापून इंजिनाखाली दिले होते. मी ते रबरही तसंच नवं करून घातलं. ‘मूळ नाही’ हा शेरा त्या इंजिनाला लागला तेव्हा मला वाटलं, हे इंजिन नसतं तर तुमच्यासमोर गाडीच नसती.

गैरसमज होऊ नये. मी म्हणत नाही की काहीही बदला आणि त्याला इतिहास म्हणा. गरजेपोटी, त्या काळात, त्या काळच्या हातांनी झालेला बदल आणि आज दिसण्यासाठी होणारा बदल यांत फरक आहे, आणि परीक्षकाला तो ओळखता आला पाहिजे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, २०१२च्या ट्युरिन सनदेत हाच फरक केला आहे. गाडीच्या आयुष्यात जे बदल घडले ते तिच्या इतिहासाचे साक्षीदार. वापरासाठी नवा बदल करायचाच तर तो कमीत कमी, परत पूर्ववत करता येईल असा, आणि काढलेले भाग जपून ठेवायचे. ही सनद मराठीत दोन पानांत उतरवून प्रवेशअर्जासोबत दिलीत तर माझ्या पत्राचं निम्मं काम होईल.

रंगाचं तर फार बोलायचं आहे. जुनी अक्षरं दाराच्या रंगाखाली आहेत हे मला आधी माहीतच नव्हतं. वर नंतरचा एक हिरवा थर होता, कुणीतरी घाईत मारलेला. पेंटर भाऊ ग्राइंडर घेऊन आले होते. त्यांना म्हटलं, एका कोपऱ्यात पाण्याच्या कागदाने हळू घासून पाहू. आठशे नंबरचा कागद, साबणाचं पाणी, तळहाताएवढी जागा. एक तासाने हिरव्याखालून पांढरी रेघ वर आली. पेंटर भाऊंनी ग्राइंडर स्वतःहून बाजूला ठेवला. “ताई, याले आता मशीन नाही लागत,” म्हणाले. त्यानंतर आम्ही दोघांनी सात रविवार ते एकच दार घासलं. वडिलांच्या नावाच्या खाली आणखी एक फिकट इंग्रजी क्रमांक निघाला. तो खाणीचा. म्हणजे या एका दारावर गाडीची दोन आयुष्यं एकावर एक लिहिलेली आहेत.

त्यावर मी चकचकीत क्लिअर कोट मारला नाही. उकळलेलं जवसाचं तेल अगदी पातळ लावलं, सुती फडक्याने, आणि लगेच पुसून काढलं. हौद्याच्या सागवानालाही तेच. जवस आपल्या विदर्भाचंच पीक, आजीच्या हातची जवसाची चटणी खाल्लेल्या माणसाला त्या वासाने घरी आल्यासारखं वाटतं. (जे कुणी हे करतील त्यांना एक सांगते. तेल लागलेले फडके गोळा करून ढिगात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि ढीग आपोआप पेटतो. फडके उलगडून दोरीवर वाळवा किंवा पाण्यात बुडवा. नागपूरच्या मे महिन्यात तर विसरूच नका.) आमच्याकडे कोकणासारखा गंज नाही, हवा कोरडी आहे, पण ऊन असं की जाड पुट्टी दोन उन्हाळ्यांत भेगाळते आणि वरचा नवा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. ज्या चकचकीत पिकअपांना तुम्ही दहापैकी नऊ देता त्यांच्या दारांवर चुंबक फिरवून पाहा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्यावर किंवा पत्र्याऐवजी पुट्टीची जाड भर आहे.

त्या एफसी-१५०वाल्या मुलाचं पुढे माझ्याशी चांगलं जमलं. त्याच्या गाडीत तेच हरिकेन पेट्रोल इंजिन आहे, आणि ते उन्हाळ्यात चौकात बंद पडायचं. इंजिनाच्या झळीने पाइपमध्येच पेट्रोलची वाफ होते आणि पंप ओढायला थेंब उरत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं पोतं गुंडाळायचे, आम्हीही आधी तेच केलं, मग पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून चार बोटं लांब नेला. दुसरं दुखणं नवं आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल जुन्या रबराचा डायफ्राम (पंपातला पडदा) मऊ करतं, नळ्या आतून फुगवतं, हवेतलं पाणी ओढून टाकी आतून गंजवतं. त्याच्या पंपाचा डायफ्राम आम्ही इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचा घातला आणि सगळ्या नळ्या बदलल्या. हा बदल ‘मूळ नाही’ म्हणून त्याचे गुण जाणार का? जाऊ नयेत. तसाच ब्रेकचा बदल. या गाड्यांचा ब्रेक एकाच सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच, एका चाकाची सील फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. मी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवला, जुन्याच भोकांवर, चेसिसला एकही नवं भोक न पाडता. जुना सिलिंडर तेल लावून कापडात गुंडाळून सीटखाली ठेवला आहे. मी तो दाखवायलाही आणला होता.

हौसेने केलेल्या बदलांना, म्हणजे ज्याला आता सगळे कस्टम म्हणतात त्याला, माझा विरोध नाही. माझ्या भाच्याकडे टाटामोबाइल २०६ आहे, १९८८मध्ये आलेल्या त्या मालिकेतली. पन्नास वर्षांची नाही, मेळाव्यात तिला जागा नाही. त्याने तिच्या हौद्यावर कॅनव्हासचं छप्पर, दोन झोपायच्या फळ्या आणि स्टोव्हची पेटी केली आहे. सगळं नटबोल्टवर, एका दुपारी उतरवता येईल असं. हौदा रिकामा केला की ती पुन्हा पिकअप. मावशी म्हणून नाही, एक गाडीवाली म्हणून सांगते, ते काम सुबक आहे आणि त्याला कुठेतरी दाद मिळाली पाहिजे. पण याच शहरात मी एक जुना पिकअप असाही पाहिला ज्याची चेसिस मधून कापून बुटकी केली होती, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) अर्धे काढले होते आणि रुंद टायर बसावेत म्हणून मडगार्ड कात्रीने कापले होते. वेल्डिंगच्या सांध्याशेजारी पोलाद ठिसूळ होतं, भार पडला की चीर तिथूनच सुरू होते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं. अशा गाडीला गर्दी जमते, फोटो निघतात, आणि ती बाहेरच्या रस्त्यावर इतरांच्या मुलाबाळांमधून धावत घरी जाते. चेसिस कापलेल्या गाडीला तुम्ही प्रवेशच देऊ नका. हे मी कठोरपणे म्हणते आहे आणि मला ते मागे घ्यायचं नाही.

सरकारी नियमांची भाषा पिकअपच्या बाजूने फारशी नाही, म्हणून तुमची जबाबदारी वाढते. जुलै २०२१मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुन्या, वैयक्तिक आणि बिगर-व्यावसायिक वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नको. माझ्या आरसी बुकात ‘मालवाहू’ लिहिलेलं आहे आणि इंजिन बदललेलं. त्या चौकटीत ती बसत नाही, म्हणून तिची नेहमीची नोंदणी आणि फिटनेस मी सांभाळते. कायदा बदलणं तुमच्या हातात नाही हे मला समजतं. गुणपत्रिका तुमच्या हातात आहे.

ती कशी असावी हे मी माझ्यापुरतं लिहून पाहिलं. सगळ्यात आधी, मालकाने गाडीची वही आणावी. कोणता भाग कधीचा, कोणी केला, काय बदललं, काढलेलं कुठे आहे. फोटो, पावत्या, आरसीची पानं. शंभरातले तीस गुण या वहीला द्या, म्हणजे लोक ग्राइंडर लावण्याआधी फोटो काढतील. जुना रंग किंवा अक्षरं असतील आणि ती राखली असतील तर त्याला नव्या रंगापेक्षा जास्त गुण असावेत. जिथे राखण्यासारखं काही उरलंच नाही तिथे नवा रंग चालेल, पण मग चुंबकाची परीक्षा घ्या. हौदा कामाचा आहे का ते पाहा. माझी सूचना आहे की प्रत्येक पिकअपने मैदानात पाच पोती भरून एक फेरी मारावी. ज्या गाडीचा मालक ओरखड्याच्या भीतीने हौद्यात पोतं ठेवू देत नाही ती शोभेची गाडी आहे, तिला मोटारींच्या गटात पाठवा. हौसेच्या बदलांचा उपगट वेगळा ठेवा आणि तिथे एकच प्रश्न विचारा, हे सगळं उतरवायला किती वेळ लागेल आणि खालची गाडी शाबूत आहे का.

आणि गाडीसमोर जो फलक लावता त्यावर मालकाच्या नावाखाली कारागिरांची नावं असू द्या. माझ्या फलकावर त्या दिवशी फक्त माझं नाव होतं. मडगार्ड इतवारीतल्या पत्रेवाल्या भाऊंनी केला, फळ्या आमच्या काटोलच्या सुतारकाकांच्या नातवाने बसवल्या, इंजेक्टर पंप वाडीतल्या एका मिस्त्रींनी रात्री अकरा वाजता जोडून दिला कारण दुसऱ्या दिवशी मला रजा नव्हती, आणि दार पेंटर भाऊंनी घासलं. हे चौघे मेळाव्याला आले होते. तिकीट काढून आले आणि दोरीच्या बाहेर उभे राहिले. इतवारीतल्या भाऊंनी आपल्या मुलाला बोटाने मडगार्ड दाखवला तेव्हा मी दोरीच्या आत होते. मला तो क्षण अजून टोचतो. पुढच्या वेळी दोरीच्या आत त्यांना यायला मिळावं, परीक्षकांनी प्रश्न त्यांना विचारावेत. वेल्डिंग कुठे घेतलं, कुठे नाही, हे मला विचाराल तर मी ऐकीव सांगेन. ते हाताने सांगतील.

विदर्भात अजून असे पिकअप उभे आहेत. उमरेडच्या कोळशाच्या बाजूला, कामठी रोडच्या गोदामांमागे, वरूड-मोर्शीच्या बागांत, जिनिंगच्या आवारात. काहींवर कोंबड्या बसतात, काहींच्या हौद्यात माती भरून कोथिंबीर लावली आहे. त्यांच्या दारांवर काही ना काही लिहिलेलं आहे. तुमची पुढची जाहिरात निघेल तेव्हा त्यात ‘पिकअप व मालवाहू’ असा एक शब्द घाला आणि खाली एक ओळ लिहा, जुनी अक्षरं असल्यास घासू नयेत, आधी फोटो पाठवावा. ती ओळ वाचून एखादा पोरगा पेंटरचा नंबर विचारायच्या आधी थांबेल.

माझा प्रवेशअर्ज मी या पत्रासोबत पाठवते आहे. या वेळी मी गाडी काटोलहून थेट आणेन, आंबियाची चाळीस कॅरेट भरून, आणि मैदानात फाळका उघडून उतरवेन. अर्जात ‘सोबत येणाऱ्या व्यक्ती’ या जागी मी चार नावं लिहिली आहेत. त्यांना आतल्या बाजूचे पास द्यावेत ही विनंती.

आपली नम्र,
एक पिकअपवाली,
धंतोली, नागपूर